उंबरठा : नागपूर ते केंब्रिज

दरवर्षी उन्हाळ्यात निकाल लागले की मोमीनपुऱ्यात, ताजबागेत आणि तिकडे कामठीत घरोघरी एकच चर्चा असते. कोणाला किती टक्के पडले, कोणाचा नंबर कुठे लागला. ज्या कॉलेजात नंबर लागणे सर्वांत कठीण, ते सर्वांत मोठे, असा हिशेब आपण सारेच मांडतो. जगही तोच मांडते. २००३ साली शांघायहून जगातील विद्यापीठांची क्रमवारी निघू लागली आणि २०१६ पासून भारत सरकारही आपली यादी काढते. हार्वर्डला शंभर अर्जांतून जेमतेम तीन-चार मुले घेतली जातात. आपल्याकडे आय.आय.टी.च्या काही हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक मुले पहिल्या परीक्षेला बसतात.

पण किती जणांना परत पाठवले, यावरून विद्यापीठाचे मोठेपण ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. आपल्या नागपूरच्याच इतिहासात ते सापडते.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली सुरू झाले. शिकायचे नागपुरात, पण पदवी मात्र आधी कलकत्त्याची आणि पुढे अलाहाबादची. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मुलांना स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. तेव्हा त्याला जोडलेली कॉलेजे होती सहा आणि विद्यार्थी ९२७. आज एका मोठ्या कॉलेजात याहून अधिक मुले असतात. कोणत्याही यादीत ज्याचे नाव आले नसते, असे हे विद्यापीठ होते.

त्या पहिल्या विद्यार्थ्यांत मोहम्मद हिदायतुल्ला नावाचा एक तरुण होता. त्याचे शालेय शिक्षण रायपूरचे. १९२६ साली मॉरिस कॉलेजातून तो बी.ए. झाला आणि तिथून थेट केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. १९३० मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन नागपुरास परतला आणि वकिली करू लागला. इथल्याच लॉ कॉलेजात त्याने शिकवले, पुढे विद्यापीठाच्या विधी शाखेचा तो डीन झाला. हेच न्यायमूर्ती हिदायतुल्ला १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. त्या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. १९६९ साली काही आठवडे त्यांनी हंगामी राष्ट्रपतिपदही सांभाळले आणि १९७९ ते १९८४ या काळात ते उपराष्ट्रपती होते.

आपण हे नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवे. पण अभिमानाबरोबर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांचे वडील हाफिज विलायतुल्ला हे अलीगढचे पदवीधर, सरकारी सेवेतले मोठे अधिकारी आणि उर्दूचे शायर होते. मुलगा बुद्धिमान होता यात शंका नाही, परंतु बुद्धीच्या जोडीला घरात पुस्तके होती, इंग्रजी होती आणि विलायतेला पाठवण्याची ऐपत होती. त्याच वेळी विणकराच्या किंवा विडी वळणाऱ्याच्या घरात तितकाच हुशार मुलगा असेल, तर त्याला ट्रिनिटीचे नाव तरी कोणी सांगितले असते?

केंब्रिजचे दार तरी कुठे सर्वांसाठी उघडे होते? १८५६ पर्यंत इंग्लंडच्या चर्चवर निष्ठा जाहीर केल्याखेरीज तिथली पदवी मिळत नसे. धर्माची ही अट कायद्याने बहुतांशी गेली ती १८७१ साली. स्त्रियांना तर केंब्रिजने पूर्ण पदवी दिली थेट १९४८ साली. हार्वर्डची गोष्टही याहून निराळी नाही. १९२२ मध्ये तिथले अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा प्रस्ताव मांडला. तो उघडपणे मान्य झाला नाही, पण पुढे अर्जदाराचे ‘चारित्र्य’ आणि घराणे पाहून प्रवेश देण्याची रीत रुजली आणि ज्यू मुलांची संख्या घटली. म्हणजे ‘निवड’ या शब्दाआड नेहमी गुणवत्ताच असते असे नाही. कधी धर्म असतो, कधी कूळ, तर कधी बापाचा खिसा.

बंद दाराला किल्ली लागते, हे ज्यांनी ओळखले त्यांनी इतिहास घडवला. सर सय्यद यांचे चिरंजीव सय्यद महमूद १८६९ साली केंब्रिजला गेले ते सरकारी शिष्यवृत्तीवर. सोबत गेलेल्या सर सय्यद यांनी तिथली कॉलेजे डोळ्यांनी पाहिली आणि १८७५ मध्ये अलीगढला आपली संस्था उभी केली. त्याच अलीगढचा एक पदवीधर पुढे आपल्या मुलाला नागपुरातून केंब्रिजला पाठवतो, हा योगायोग नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. त्या एका किल्लीने पुढे किती दारे उघडली, हे दीक्षाभूमीच्या या शहराला सांगायला नको.

नागपुरानेही अशी किल्ली पाहिली आहे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली मिळकत मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिली. तिच्यातून १९४२ साली एल.आय.टी. उभी राहिली. रासायनिक तंत्रज्ञान शिकलेले हजारो तरुण तिथून बाहेर पडले. २०२३ मध्ये त्या संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठ झाले.

आज हार्वर्डच्या मोठेपणामागेही हेच आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या देणग्यांतून साठलेला तिचा निधी पन्नास अब्ज डॉलरच्या वर आहे. म्हणूनच वार्षिक दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांना शिक्षण शुल्क माफ, असे ती २०२५ मध्ये जाहीर करू शकली. ही कल्पना आपल्याला नवी वाटावी, हेच नवल! फेज शहरातील करवियीन ही मशीद आणि तिथले विद्यापीठ फातिमा अल-फिहरी या बाईने ८५९ साली वारशाच्या पैशातून उभारले, असे परंपरा सांगते. कैरोच्या अल-अझहरमध्ये गरीब विद्यार्थ्यांना भाकरी मिळे ती वक्फाच्या उत्पन्नातून. दान देऊन ज्ञानाचे दार उघडे ठेवण्याची ही रीत आपल्याच घरची आहे.

मग आज आपण कुठे आहोत? २००६ च्या सच्चर समितीने सांगितले की, देशातील नामवंत कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान असतो आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक. २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सरकारने २०२२ मध्ये बंद केली. सरकारकडे हक्काने मागत राहिलेच पाहिजे, पण केवळ मागत बसून चालणार नाही. नागपुरात अंजुमनने १९९९ साली अभियांत्रिकी कॉलेज काढले, हे मोठेच काम झाले. तथापि उंबरठा कॉलेजच्या दारात नसतो. तो असतो आठवी-नववीच्या वर्गात, जिथे गणित सुटत नाही म्हणून मुलगा गॅरेजवर जाऊ लागतो आणि मुलीचे दप्तर खुंटीला टांगले जाते.

हिदायतुल्लांचे चित्र भिंतीवर लावणे सोपे आहे. त्यांच्या घरात जे होते, ते मोमीनपुऱ्यातल्या एखाद्या घरात पोहोचवणे कठीण आहे. दर रमजानमध्ये या शहरात जकातीचा पैसा निघतो. त्यातून हकदार घरातील एका मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण दहावीपासून पदवीपर्यंत एका मोहल्ल्याने उचलले, तरी आणखी एक दार उघडेल. जगाच्या याद्यांत विद्यापीठांचे क्रम लागत राहोत. आपण मात्र आपल्या मोहल्ल्याची यादी करावी : या वर्षी किती मुले दारापर्यंत पोहोचली, आणि किती वाटेतच परतली?