गोठणगावची वस्ती आणि कलम ४९

१९७२ साल. तुम्ही गोठणगावजवळ उभे आहात. गोंदिया जिल्हा अजून झालेला नाही, हा सगळा भाग भंडाऱ्यातच मोडतो. उन्हाच्या झळा लागताहेत. लोकरी छुबा घातलेली एक तिबेटी म्हातारी घाम पुसते आणि मातीचं ढेकूळ बोटांनी फोडून बघते. बांधी, रोवणी, धान, सगळंच तिला शिकायचं आहे. तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग वस्ती इथं उभी राहते आहे. जमीन भारताची, परवानगी भारत सरकारची, त्यामुळे या वस्तीत बेकायदा काहीच नाही. प्रश्न आहे तो म्हातारीच्या मागं, चीनच्या अमलाखाली राहिलेल्या तिबेटचा. तिथं आता कुणी वसायचं, हे कोण ठरवणार?

आता मागं चला. १२ ऑगस्ट १९४९, जिनिव्हा. चौथ्या जिनिव्हा करारावर सह्या होत आहेत. त्यातलं कलम ४९ वाचा: ताब्यात घेतलेल्या प्रदेशात ताबा घेणाऱ्या सत्तेनं स्वतःचे नागरिक नेऊन वसवू नयेत. नाझी जर्मनीनं पोलंडमध्ये हेच केलं होतं, ती जखम अजून ओली आहे.

२० डिसेंबर १९६१, न्यूयॉर्क. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ठराव १७२३ मंजूर होतो. तिबेटी जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. मात्र तिबेट परक्या सत्तेच्या ताब्यात आहे, असं ठराव म्हणत नाही.

जून २००३, बीजिंग. तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं भारत लेखी मान्य करतो. सगळी मेख इथंच आहे. प्रदेश चीनचाच मानला, की तिथं चिनी वस्ती वाढवणं हा चीनचा अंतर्गत मामला ठरतो आणि कलम ४९ दाराबाहेरच राहतं.

१९ जुलै २०२४, हेग. वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेममधल्या इस्रायली वसाहती बेकायदा आहेत, असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालय वाचून दाखवतं. महासभेनं विचारलं, म्हणून न्यायालयानं सांगितलं. तिबेटबद्दल महासभेनं न्यायालयाला कधी विचारलेलंच नाही.

तेव्हा तिबेटच्या बाबतीत कायद्यानं कौल दिला, असं कुणी सांगितलं तर मानू नका. प्रकरण न्यायालयापुढं गेलंच नाही. न्यायालयाचं मत बंधनकारक नसलं, तरी त्यामुळे निदान प्रश्न नोंदवला जातो. ज्या देशानं या माणसांना कसायला जमीन दिली, त्यानं त्यांच्यासाठी हा प्रश्न विचारण्याची हिंमतही दाखवायला हवी.