लावलेलं कुरण आणि विसरलेली आग

आज एका कुरणाची गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तिथे विंग्रा तळ्याकाठी विद्यापीठाचं आर्बोरेटम आहे. सुमारे १,२०० एकरांचं हे रान लोकांना फिरायला खुलं असतं. त्यात सत्तरेक एकरांचा एक गवताळ पट्टा आहे, ‘कर्टिस प्रेअरी’. बघणाऱ्याला वाटतं, शहर वाढताना हे जुनं रान कसंबसं वाचलं असणार. तसं नाही. नव्वद वर्षांपूर्वी इथे बहुतेक शेतं आणि घोड्यांची चराई होती. आज दिसतं ते मुख्यतः माणसांनी लावलेलं आहे.

प्रेअरी म्हणजे उंच गवत आणि रानफुलांचा मुलूख. बिग ब्लूस्टेम हे तिथलं गवत माणसाच्या डोक्यावरून जातं. या गवतांच्या मुळांनीच तिथली काळी सुपीक माती घडवली, आणि त्या मातीपायीच प्रेअरी नांगराखाली गेली. विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी सुमारे २० लाख एकर प्रेअरी होती. आज तिचा एक टक्काही शिल्लक नाही. इथल्या हो-चंक लोकांकडून ही जमीन १८३२ च्या करारानं काढून घेण्यात आली होती, हेही लक्षात ठेवू. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

महामंदीत जमिनी स्वस्त झाल्या, तेव्हा या रानासाठी जागा जमवता आली. जून १९३४ मध्ये उद्घाटन झालं. त्या वेळी आल्डो लिओपोल्ड यांनी वेगळीच कल्पना मांडली. नुसती देशोदेशीची झाडं लावायची नाहीत, तर मूळ विस्कॉन्सिनचा एक नमुना उभा करायचा.

मजूर कुठून आले? आपल्या रोजगार हमीची आठवण व्हावी अशी सरकारी योजना होती, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर. पोरांना महिना ३० डॉलर मिळत, त्यातले साधारण २५ थेट घरी जात. १९३६ पासून थिओडोर स्पेरी यांच्या देखरेखीखाली त्यांनी उरल्यासुरल्या प्रेअरीतून मुळांसकट गवताचे गड्डे खणून आणले आणि इथे लावले. दुष्काळाचे दिवस, अंगमेहनतीचं काम.

पण नुसतं लावून भागेना. चराईतलं ब्लूग्रास हटायला तयार नव्हतं. मग १९४० च्या दशकात जॉन कर्टिस आणि मॅक्स पार्च यांनी जमिनीचे तुकडे पाडून काही ठरावीक वेळी जाळून पाहिले. ब्लूग्रास वसंतात लवकर हिरवं होतं, म्हणून तेव्हाच्या आगीत सापडतं. प्रेअरीच्या झाडोऱ्याचे कोंब तेव्हा जमिनीखाली सुरक्षित असतात. १९४८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

आता यात इतिहास कुठे आला? हो-चंक आणि इतर मूलनिवासी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत होते, ठरवून रान जाळत होते. ओकच्या विरळ रानांचंही तेच. आग थांबली की मेपलसारखी झाडं दाट सावली धरतात आणि ओकची रोपं वर येत नाहीत. ‘मूळ निसर्ग’ म्हटलं की आपण त्यातून माणूस वजा करतो. इथे मात्र माणूस हटवला म्हणूनच निसर्ग बदलला होता. गड्डे परत आणता आले, पण आग आणि ती लावायचं ज्ञान परत यायला आणखी वर्षं गेली.

काम आजही संपलेलं नाही. शेजारून महामार्ग जातो, शहरातून वाहून येणारं पावसाचं पाणी गाळ घेऊन रानात शिरतं, आक्रमक गवतं पसरतात. ठरवून जाळणं आणि तण काढणं चालूच असतं.

आपल्याकडेही माळरानाला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि तिथे झाडं लावायला निघतो. माळढोक, तणमोर यांचं घर मात्र तेच उघडं गवत. मॅडिसनचा उपाय इथे जसाच्या तसा लागू होणार नाही, प्रत्येक मुलखाची रीत वेगळी. पण खड्डे खणण्याआधी एक प्रश्न विचारावा: इथे आधी काय होतं, आणि ते कोण सांभाळत होतं?