शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीचा इतिहास

सुरी चालत असतानाच्या वेदनेवर मिळवलेल्या विजयाची नोंद वैद्यकाच्या इतिहासात ठळक अक्षरांत झालेली आहे. परंतु भुलीचा अंमल ओसरून रोगी शुद्धीवर आल्यानंतर त्याच्या वाट्याला येणाऱ्या वेदनेची दाद त्या दरबारी फार उशिरा लागली. खुबा, मांडी, गुडघा यांवरील शस्त्रक्रियांच्या बाबतीत हा विलंब मला विशेष खेदजनक वाटतो, कारण त्या वेदनेपर्यंत पोहोचणारी पाठीच्या कण्यातली वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सापडली होती.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतील कील येथे ऑगुस्ट बीअर या शस्त्रवैद्याने घोट्याच्या क्षयाने ग्रस्त असलेल्या एका मजुराच्या मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात कोकेन सोडून त्याचा पाय बधिर केला; आणि पुढे आठच दिवसांनी, आपल्या पद्धतीची परीक्षा आपल्याही देहावर झाली पाहिजे या निष्ठेने, बीअर व त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी परस्परांवर तोच प्रयोग करून पाहिला. हिल्डेब्रांटच्या नडगीवर लोखंडी हातोड्याचे घाव घातले तरी त्याला वेदना जाणवली नाही. मात्र नंतर तीव्र डोकेदुखीने बीअरला कित्येक दिवस अंथरुणाला खिळवून ठेवले.

द्रवाच्या आवरणाला छेद न देता त्याच्या बाहेरच्या पोकळीत, म्हणजे एपिड्यूरल जागेत, औषध सोडण्याचा मार्ग १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार व कातलँ यांनी माकडहाडाच्या बाजूने शोधला, आणि कमरेच्या मणक्यांमधून तो १९२१ साली फिदेल पाहेस या स्पॅनिश लष्करी शस्त्रवैद्याने दाखवून दिला. १९२३ साली पाहेस मोटार अपघातात मृत्यू पावला, त्याचा स्पॅनिश निबंध बाहेरच्या जगात कोणी फारसा वाचला नाही, आणि १९३१ साली इटलीत दोल्योत्ती याने तीच वाट नव्याने मांडली तेव्हा कीर्ती त्याच्या पदरी पडली. पुढे हवानाच्या मार्तिनेस कुर्बेलो याने १९४७ साली टुओही नावाच्या सुईतून बारीक नळी आत ठेवून औषध पुनःपुन्हा देण्याची तजवीज केली.

नळी आली, तरी प्रश्न सुटला नाही. केवळ बधिरतेच्या औषधाने वेदना थोपवायची तर मात्रा इतकी लागे की पाय निःशक्त होत आणि रक्तदाब उतरे. या कोंडीतून मार्ग निघाला तो १९७६ साली, जेव्हा यॅक्श व रूडी यांनी उंदरांवरील प्रयोगांत अफूजन्य औषधे थेट मज्जारज्जूवर वेदनाशमन करतात असे सिद्ध केले. १९७९ साली जेरुसलेमच्या वैद्यांनी एपिड्यूरल मॉर्फिनचा मनुष्यांतील अनुभव प्रसिद्ध केला. मॉर्फिनच्या एका मात्रेने पायांची शक्ती अबाधित राहून कित्येक तास आराम पडे. परंतु ते जलप्रिय असल्यामुळे द्रवातून हळूहळू मेंदूकडे चढे आणि श्वसन मंदावण्याचा धोका काही तासांनंतर, रोगी निर्धास्त झाला असता, उद्भवे. याच वर्गातले स्निग्धप्रिय फेंटानिल लवकर गुण देते व फारसे वर पसरत नाही, मात्र त्याचा प्रभाव अल्पकाळ टिकतो.

म्हणून बधिरतेचे औषध व फेंटानिल या दोहोंचा संयोग रूढ झाला: सुमारे ०.१ टक्का ब्युपिव्हाकेन आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम फेंटानिल. एक द्रव्य मज्जातंतूंतील संदेश अडवते, दुसरे मज्जारज्जूतील ग्राहींवर बसते. प्रत्येकाची मात्रा घटते, आणि गुडघा बदललेला रोगी दुसऱ्या दिवशी पाय हलवू शकतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील खरी प्रगती हीच होय.

कायदेशीर अफूची लागवड होणाऱ्या आपल्या देशात मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे मॉर्फिन रुग्णालयांना दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने तो जाच काहीसा सैल केला. दरम्यान मॉर्फिनला पर्याय म्हणून आपल्याकडील भूलतज्ज्ञांनी ब्युपिव्हाकेनच्या जोडीला ट्रामाडोल, ब्युटॉर्फेनॉल, क्लोनिडीन व अलीकडे डेक्समेडेटोमिडीन यांची तुलना चिकाटीने चालविली आहे. यांपैकी शेवटची दोन वेदनाशमनाचा काळ लांबवितात, परंतु रक्तदाब व नाडी उतरवितात, त्यामुळे वृद्ध रोग्याला त्यांची किती मात्रा द्यावी हा वाद अद्याप मिटलेला नाही.