तीन अक्षरांचा उलगडा

नागपुरास ‘झीरो माईल’पाशीं जी. टी. एस. हीं अक्षरें कोरलेली एक शिळा आहे. तेथेंच हिंदुस्थानाचा मध्यबिंदु, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. वस्तुतः तीं ‘ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे’चीं आद्याक्षरें होत, शिळा ही समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण आहे. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासेस हें भूमापन आरंभिलें. त्यापायीं किती खलाशी साखळ्या व यंत्रें वाहत रानोमाळ हिंडले! स्वतः लॅम्बटन १८२३ सालीं, काम अपुरें असतांच, नागपूरच्या दक्षिणेस हिंगणघाट येथें वारला. संक्षेप ही शास्त्राची सोय खरी; परंतु त्याचा अर्थ विसरला, कीं ज्ञानाची जागा दंतकथा घेते आणि श्रमणाऱ्यांचें ऋणहि बुडतें. मुलांस ती शिळा दाखवितांना तीन अक्षरांमागील पूर्ण नांव सांगावें, एवढेंच आमचें मागणें.