कायद्याच्या मौनाचे भाष्यकार

संहितेच्या मौनाचा अर्थ कोणी लावावा, हा प्रश्न कायद्यालाही चुकत नाही. अमेरिकेच्या १९७६च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने बोटींवर निरीक्षक ठेवण्याची मुभा दिली. हेरिंग पकडणाऱ्या बोटींवर त्यांचा खर्च कोणी सोसावा, याविषयी तो गप्प राहिला. २०२० साली संघीय खात्याने हा भार, दिवसाला ७१० डॉलरपर्यंत, मच्छीमारांवर टाकला. न्यू जर्सीतील छोटे व्यावसायिक न्यायालयात गेले. संदिग्ध कायद्याचा खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी स्वीकारावा, हा १९८४चा ‘शेव्हरॉन’ दंडक सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी मोडीत काढला. मात्र १९८४मध्ये याच दंडकाने पर्यावरणवाद्यांविरुद्ध उद्योगांची बाजू राखली होती, हे आम्हांला विसरता येत नाही. भाष्यकार बदलला, संदिग्धता तशीच आहे.