६ ऑगस्ट १९६५ : अमेरिकेचा मतदान हक्क कायदा

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये आजच्या दिवशी मतदान हक्क कायद्यावर सही केली. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे तिथली राज्यघटना १८७० पासूनच सांगत होती. तरीही दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरता चाचणी, मतदान-कर आणि उघड दहशतीच्या बळावर कृष्णवर्णीयांना मतदार यादीबाहेर ठेवले. मोर्चांनी काय साधते, बदल कायद्यानेच होतो, असे म्हणणाऱ्यांनी ही ९५ वर्षे आठवावीत. ७ मार्चला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर नागरी हक्क कार्यकर्ते जॉन लुईस आणि इतर शेकडो निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर लाठ्या बरसल्या, देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले, तेव्हा कुठे काँग्रेस हलली. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी जेमतेम ७ टक्के होती; कायद्याचा आधार आणि घरोघर फिरणारे कार्यकर्ते मिळताच दोन वर्षांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली.

परिस्थिती सुधारली, मग या कायद्याने राज्यांच्या मतदान-नियमांवर ठेवलेली केंद्राची देखरेख कशाला, हा दुसरा आक्षेप. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो बव्हंशी मान्य केला. पण सुधारणा त्या देखरेखीमुळेच टिकली होती. निकालाच्याच दिवशी टेक्सासने त्या देखरेखीमुळे अडलेला मतदार ओळखपत्रसक्तीचा कायदा लागू करण्याची घोषणा केली.