चिलखत नसलेला जादूगार

ऑनलाइन रणांगणाच्या खेळात जादूगार निवडणारा नवा खेळाडू सर्वांत आधी मरायला शिकतो. समोरचा तलवारबाज तीन घाव घालतो आणि जादूगार आडवा होतो. मग ध्यानात येते की या पात्राच्या अंगावर चिलखत नाही, जवळच्या मारामारीत तो कुचकामी आहे आणि त्याचा मॅना, म्हणजे मंत्रांवर खर्च होणारी शक्ती, चार मंत्रांत संपतो. या उणिवा कशा भरून काढायच्या याचाच विचार स्किल आणि आयटम निवडताना करावा लागतो. तीन साधी स्किल, एक मोठे, बहुधा सहाव्या पातळीला हाती येणारे. आयटम ठेवायला सहा जागा. आणि गोल्ड नेहमी गरजेपेक्षा कमी. हा दुबळेपणा खेळ बनवणाऱ्यांची निव्वळ सोय आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. माझे म्हणणे वेगळे आहे. अदृश्य शक्तीशी व्यवहार करणारा माणूस बाकी सगळ्या बाबतींत दुबळा असावा आणि त्याची कुवत इतरांच्या आधाराने उभी राहावी, ही मांडणी माणसांनी प्रत्यक्ष समाजात फार पूर्वीपासून वापरली आहे. तिचे एक ठसठशीत उदाहरण यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण आणि पूर्व भागात, कोलाम आणि गोंड यांच्या संबंधांत सापडते.

आधी खेळाचा वंशवृक्ष पाहू. 1971 साली अमेरिकेत ‘चेनमेल’ नावाची, छोट्या शिशाच्या सैनिकांनी टेबलावर लढायची नियमपुस्तिका निघाली. तिच्या शेवटी जोडलेल्या काल्पनिक भागात जादूगार अवतरला तो तोफखाना म्हणून. त्याचा अग्निगोल दगड फेकणाऱ्या मोठ्या यंत्राच्या हिशेबाने पडायचा आणि त्याची वीज तोफेच्या. तिच्यातूनच 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. तिथे नियम कडक झाले: जादूगाराने चिलखत घालायचे नाही, शस्त्र म्हणून फार तर खंजीर, आणि कोणते मंत्र बरोबर न्यायचे ते मोहिमेला निघण्याआधी ठरवायचे. वापरलेला मंत्र विसरला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधून उचललेली. पुढे संगणकावर ‘विसरण्या’ची जागा मॅनाने घेतली. 2003 मध्ये ‘वॉरक्राफ्ट 3’च्या हौशी चाहत्यांनी ‘डोटा’चा नकाशा रचला, 2009 मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ आला आणि 2016 मध्ये ‘मोबाइल लेजंड्स’ने हाच आराखडा फोनच्या पडद्यावर बसवला. भारतात 29 जून 2020 रोजी बंदी आलेल्या 59 अ‍ॅपांच्या यादीत हा शेवटचा खेळही होता. पन्नासेक वर्षांच्या या प्रवासात जादूगाराची चित्रे बदलली, मंत्र बदलले, पण त्याचे उघडे अंग तसेच राहिले.

आयटमची निवड जवळून पाहिली की यातला हिशेब कळतो. ‘लीग’मध्ये शत्रूचा जादू-प्रतिकार 100 असेल तर त्याला जादूचा निम्माच मार लागतो; 600 चा मंत्र टाकला तर 300. आता प्रतिकार 40 टक्के भेदणारी काठी विकत घेतली तर 100 चे 60 धरले जातात आणि मार 375 वर जातो. हीच काठी घेऊन 30 प्रतिकाराच्या नाजूक शत्रूवर तोच मंत्र टाकला तर मार सुमारे 461 वरून 508 पर्यंतच सरकतो. पहिल्या ठिकाणी 75 चा फायदा, दुसऱ्या ठिकाणी 47 चा. म्हणजे काठी घ्यायची की मंत्राची मूळ ताकद वाढवणारी टोपी, हे समोर कोण उभे आहे त्यावर ठरते. आणि समोरचा कोणी झेप घेऊन अंगावर येणारा असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून अडीच सेकंद कोणालाही इजा करता येणार नाही असे सोन्याचे पुतळारूप देणारे घड्याळ घ्यावे लागते. ती अडीच सेकंदे आपले साथीदार येऊन पोचण्यासाठी असतात. साथीदार नसतील तर घड्याळाचे गोल्ड पाण्यात. जाणता खेळाडू म्हणूनच आपल्या जादूगाराइतकेच बाकीच्या नऊ जणांकडे पाहून आयटम घेतो.

आता यवतमाळ. 1905 पर्यंत या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यांत कोलामांची वस्ती मुख्यत्वे याच वणी भागात नोंदवली आहे. आजही मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे त्यांची स्वतंत्र छोटी वस्ती, बहुधा मुख्य गावापासून अंतर राखून. भाषा कोलामी, द्राविडी कुळातली. पैनगंगेच्या पलीकडे, तेव्हाच्या निजामी आदिलाबादेत, 1940 साली गोंड नेता कुमराम भीम याचे बंड मोडून काढले गेले. त्यानंतर निजाम सरकारला आदिवासींच्या प्रश्नाकडे पाहणे भाग पडले आणि ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ त्या डोंगरांत दीर्घकाळ राहिले. राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ 1948 चा. कोलामांबद्दल त्यांनी टिपलेली गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे: गोंड लोक कोलामांना ‘पुजारी’ म्हणत, कारण डोंगर आणि जंगल ज्यांच्या ताब्यात आहे अशा स्थानिक देवतांची पूजा गोंडांनी शेजारच्या पोडातल्या कोलामांकडे सोपवलेली होती. कौल लावणे, देव रुसला असेल तर तो का आणि कशाने हे शोधणे, यातही कोलामांचा शब्द मोठा मानत.

गोंडांकडे नांगर, बैल आणि गावचे पाटीलपण होते. चांद्याच्या गोंड राजांची स्मृती होती. कोलाम डोंगरउतारावर कुदळीने आणि टोकदार काठीने शेती करणारे, बांबूची विणकामे करणारे, संख्येने थोडे. मग जमीनजुमला असलेल्याने देवाचा कारभार आपल्याकडेच का नाही ठेवला? एक उत्तर असे दिले जाते की कोलाम त्या डोंगरांत गोंडांच्या आधीचे, त्यामुळे तिथल्या देवांशी ओळख त्यांची. हे उत्तर पुरेसे नाही. आधीचा असणे हा मान मिळण्याचा आधार खरा, पण नंतर आलेल्या बलवानांनी आधीच्यांचे देव हिसकावून घेतल्याची उदाहरणे जगात कमी नाहीत. इथे तसे झाले नाही, आणि असे फक्त इथेच घडले असेही नाही. उत्तरेला मंडला-बालाघाटच्या जंगलात बैगांचे तेच स्थान होते. व्हेरियर एल्विन यांचे बैगांवरचे पुस्तक 1939 चे. बैगा धरतीच्या छातीवर नांगर चालवणे पाप मानत, बेवर पद्धतीने, म्हणजे जंगल तोडून-जाळून, शेती करत, आणि गोंडांच्या गावांसाठी पूजेची, बंधनाची कामे तेच करत. दोन वेगळ्या प्रदेशांत नांगर एकाकडे आणि जंगलाचा देव दुसऱ्याकडे अशी वाटणी दिसते, तेव्हा तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

माझ्या मते या वाटणीत एक राजकीय शहाणपण आहे. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडेच पाऊस, रोगराई आणि वाघ यांच्यावर हुकूम चालवणारी शक्ती असली, तर त्याला आवर घालणारे कोणी उरत नाही. देवाचे काम ज्याच्याकडे आहे त्याला धान्यासाठी आणि संरक्षणासाठी दुसऱ्याकडे पाहावे लागले, म्हणजे दोघेही जमिनीवर राहतात. गोंडांनी तर स्वतःची स्मृतीही दुसऱ्याकडे सोपवली होती. किंगरी या वाद्यावर कुळकथा गाणारे प्रधान जमातीचे लोक नसले तर गोंडाला आपल्या देवांचा आणि पूर्वजांचा वृत्तान्त विधीत ऐकवणारे कोणी नाही. शेती एकाकडे, गाथा दुसऱ्याकडे, डोंगरचा देव तिसऱ्याकडे. अमेरिकन टेबलखेळ बनवणाऱ्यांनी हे वाचून नियम केले असतील असे मुळीच नाही; पण त्यांच्यापुढची अडचण त्याच जातीची होती. सगळे काही येणारा जादूगार टेबलावर आला की बाकीचे खेळाडू बिनकामाचे होतात. म्हणून त्याच्या अंगावरचे चिलखत काढून घ्यावे लागले.

यावर पहिला आक्षेप जादूटोण्याच्या बाजूने येईल. ज्या विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना छळल्याच्या घटना घडल्या, तिथे पोरांच्या फोनवर मांत्रिक नाचवणे आणि वर त्याला समाजशास्त्र चिकटवणे बरे नव्हे, असे कोणी म्हणेल. आक्षेप हलका नाही. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांत राज्याने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. पण तो कायदा ज्या भोंदूला पकडू पाहतो त्याची ताकद गुप्ततेत असते. त्याचा मंत्र कोणाला कळत नाही, किंमत आधी सांगितली जात नाही आणि अपयश आले की दोष गिऱ्हाइकाच्या माथी. खेळातल्या जादूगाराचा मंत्र किती मार देतो, किती मॅना खातो, पुन्हा किती सेकंदांनी मिळतो, हे विरोधकालाही वाचायला मिळते. पोडातला पुजारीही या भोंदूच्या रांगेत बसत नाही. त्याचे काम गावासमोर, ठरल्या सणाला आणि ठरल्या ठिकाणी होई. त्याचा अधिकार त्याच्या डोंगरापुरता. दोघांना एका काठीने हाणण्याची शहरी सवय मला चुकीची वाटते.

उघड्या हिशेबाबद्दल मात्र थोडे हात राखून बोलले पाहिजे. आकडे छापलेले असले तरी बहुतेक खेळाडू ते पाहत नाहीत. नामांकित खेळाडूने घेतलेले सहा आयटम त्याच क्रमाने घेतात, समोर कोणीही असो. वरच्या उदाहरणातली भेदक काठी नाजूक शत्रूंविरुद्ध डोळे झाकून घेणारा आणि कोणीतरी सांगितले म्हणून ताईत बांधणारा, यांच्या डोक्यात त्या क्षणी फारसा फरक नसतो. फरक असतो तो एवढाच की पहिल्याला मनात आले तर पडताळा घेता येतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तिथे माझी तुलना खरोखर अडते. खेळात आज जादूगार झालेला उद्या ढाल घेऊन पुढे उभा राहू शकतो. कोलाम पोडात जन्मलेल्याला ही मुभा नव्हती. शिवाय खेळात प्राणावर बेतले तरी काही सेकंदांत पुन्हा उभे राहता येते. गोंड-कोलाम व्यवस्थेला निव्वळ सहकार्य म्हणून गोंजारणे म्हणजे तिच्यातली उतरंड झाकणे, असा हा आक्षेप, आणि तो मी मान्य करतो. पुजाऱ्याचा मान होता म्हणून कोलामाचे पोट भरले असे नाही. व्यवस्था टिकली ती दोघांना एकमेकांची गरज होती तोवर, आणि ती गरज ज्या जंगलावर उभी होती ते जंगलच हातचे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वऱ्हाडातली जंगले राखीव होत गेली, पैनगंगेपलीकडेही पुढे तेच घडले. डोंगरउताराची कुदळशेती बंद पडली. कोलाम खाली उतरले ते दुसऱ्याच्या शेतात राबण्यासाठी किंवा नांगराची शेती नव्याने शिकण्यासाठी, आणि तोवर काळी जमीन कापसाखाली, इतरांच्या नावावर गेलेली होती. ज्या डोंगरावर त्यांचा अधिकार सगळे मानत तो सरकारी झाला. सातबाऱ्यावर डोंगराच्या देवाची पूजा कोण करतो याला रकाना नाही.

खेळात असल्या प्रसंगावर निदान एक तोड ठेवलेली असते. शत्रूला मारले की शेवटचा घाव घालणाऱ्याला गोल्ड मिळते, पण मदत करणाऱ्यालाही वाटा मिळतो. ‘डोटा’मधली क्रिस्टल मेडन हे याचे चांगले उदाहरण: चालीने मंद, अंगाने नाजूक, पण तिच्या एका स्किलमुळे साऱ्या टीमचा मॅना भरत राहतो. तिच्या वाट्याला गोल्ड कमीच येते, तेही बहुधा इतरांसाठी टेहळणीची साधने घेण्यात जाते. तरी मदतीचा हिस्सा तिच्या खात्यावर पडतोच. हा नियम नसता तर कोणीही ते पात्र घेतले नसते. कोलामांच्या बाबतीत असा हिस्सा ठरवणारे कोणी नव्हते. महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित तीन आदिवासी गटांत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर त्यांचे नाव आहे, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये अशा गटांसाठी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत पक्की घरे, रस्ते, नळाचे पाणी, वीज, मोबाइलचे टॉवर अशी कामे धरली आहेत. ही कामे व्हायलाच हवीत. पण जंगलावरच्या दाव्याची तड 2006 सालच्या वनहक्क कायद्याखाली, वेगळ्या दारात लागते, आणि तिथे वहिवाटीचा पुरावा मागितला जातो. हायमेनडॉर्फ यांनी नोंदवलेले, शेजाऱ्यांनी मान्य केलेले डोंगरदेवाचे पुजारीपण हा त्या वहिवाटीचा पुरावा का धरू नये, हा प्रश्न ग्रामसभांनी जरूर विचारावा.